डोहावर नाव घ्यायचं न्हाई

११ नोव्हेंबर

ताई,

आधीच सांगते, लिहिण्यात लई चुका असतील. ऱ्हस्व-दीर्घ मला आठवीपर्यंत जमलं न्हाई आन आठवीनंतर शाळाच न्हाई. टाइप बी एका बोटानं करून राहिले. मुन्नादादाचा जुना फोन हाय, काचेला तडा गेलेला, बोट घासतंय. तुमाला वर 'टायपिंग' दिसत राहील आन येणार काहीच न्हाई, तर रागावू नका.

हात कसा हाय? खांदा बराबर बसवला का? मुन्नादादा म्हणला अकोल्याला आईकडं हाव, गळ्यात पट्टा बांधलाय. उजवा हात हाय म्हणजे जेवायची तकलीफ होत असंल. चमच्यानं खात जा.

इकडं सगळं ठीक. होड्या धुऊन शेडमधी पालथ्या घातल्या. मूग, तीळ, जवारी, सोयाबीन आन तुमची लाल मिरची, पाची एकल्या माणसाच्या होड्या एका रांगेत. करडईच्या नाकाला चीर गेली, तिचं नाव अर्धं खरवडून गेलंय. तिला मी मागच्या बाजूला ठिवलं. जाकिटं वाळवून खुंटीला लावली. पैनगंगेचं पाणी आता निवळलंय, तळचे दगड दिसायलेत.

दवाखान्यात जाताना जीपमधी तुमी मला जे बोलल्या त्याचा मला राग न्हाई. तुमाला लई दुखत होतं.

होड्या पाण्यात घालत न्हाई आमी. नुसत्या धुतो.

संगिता


१७ नोव्हेंबर

ताई,

निळ्या खुणा आल्या म्हणजे तुमी वाचलं. मला तेवढं पुरे हाय.

एक सांगायचं राहिलंय. तुमी त्या दिवशी पुढं होत्या, मागं काय झालं ते तुमाला दिसलं न्हाई. मी जीपमधीच सांगणार होते, पण तुमाला ठावं हाय ना माज्या गळ्याचं. भीती वाटली की आवाज आतच बसतो. शाळेत गुरुजी वाचायला उभं करायचे तवा बी असंच व्हायचं. पोरं हसायची. म्हणून तर शाळा सुटली.

तर वाळूवर आपण जेवायला थांबलो तवा लातूरहून फेरीला आलेली ती दोन पोरं, रुद्र आन रविंद्र. रुद्र लांबडा. सकाळपासून मुगात बसून त्याचे गुडघे आखडले होते. रविंद्र त्याला म्हणला, "घे बाबा माझी करडई. तुझे पाय हायत का उसाच्या मोळ्या?" आन दोघांनी होड्या बदलल्या. मी ताटं घासायला पाण्यावर गेलते. मुन्नादादा जीप घेऊन पुढच्या घाटावर गेलता. त्या पोरांनी तवा कुणाला सांगितलं न्हाई, मला रविंद्रनं मागून घाटावर सांगितलं. त्यास्नी काय माहीत, आपल्यात होडी बदलली की माणसाचं नाव बी बदलतं.

मंग डोह ओलांडला. पुढं बेटापाशी नदी फुटते, उजवीकडं मोकळं आन डावीकडं यंदाच्या पुरात आलेली बाभळ आडवी. तुमी उजव्या वाटंच्या तोंडाशी होत्या. वळून बघितलं तर करडई डावीकडं चाललेली. हेल्मेट सगळ्यांचं सारखं, तोंड कुठं दिसतंय. तुमी वरडल्या, "करडई, थांब! उजवीकडं घे!"

पण ताई, आपण रुद्रला सकाळपासून मूग म्हणत होतो. त्याला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावून राहिल्या. तो आपला मजेत वल्हं मारत गेला. आन सकाळचा करडई म्हणजे रविंद्र, तो मुगात बसून शहाण्यासारखा जागच्या जागी थांबला, धारंच्या मधी, आडवा. मी त्याच्या मागं अडकले.

पुढचं तुमाला ठावंच. रुद्र बाभळीत गेला, तुमी गेल्या, त्याला वर काढलं, आन फांदी आन होडीच्या मधी तुमचा हात सापडला.

तो पोरगा बरा हाय. मुन्नादादाला त्याच्या आईचा फोन आलता, रडत होती. म्हणली, त्या ताईच्या माज्या पोरानं रोज पाया पडावं.

तुमी जीपमधी म्हणल्या, "नाव घ्यायचं न्हाई, नाव घ्यायचं न्हाई! तुमच्या ह्या खुळापायी आज एक लेकरू जात होतं." पण पहिल्या साली मी जवा म्हणले होते, की डोहावर माणसाचं नाव घेऊन हाक मारत न्हाईत, पाण्यातल्या सातीआसरा ऐकतात आन ज्याचं नाव ऐकलं त्याला वढतात, तवा तुमी हसल्या न्हाई. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. तुमी म्हणल्या, "बरं. मंग पाव्हण्यांना होडीच्या नावानं बोलावू." आन रंगाचा डबा घेऊन बसल्या. पाव्हण्यांना किती मजा वाटायची! त्या मोठ्या डॉक्टरला आपण दिवसभर सोयाबीन म्हणत होतो.

तुमी माजं ऐकलं, ताई. माजं कुणी ऐकत न्हाई, कारण मी बोलतच न्हाई.

संगिता


२९ नोव्हेंबर

ताई,

मुन्नादादाला तुमचा निरोप आला तो त्यानं मला दाखवला. होड्या विकून टाक म्हणून. पुण्याकडचा एक माणूस बघायला येणार हाय, नाताळाच्या आधी. मंग आपल्या फेऱ्या बंद. तुमी नदीवर परत येणार न्हाई असं बी लिहिलंय.

होड्या तुमच्या हायत. मी काय म्हणणार.

काल शेडमधी एकटीच बसले होते तवा पहिला दिवस आठवला. मी शेळ्या घेऊन घाटावर होते. तुमी जीपमधून उतरल्या आन विचारलं, "इथं पाण्यात उतरायला वाट कुठून हाय गं?" मी हातानं दाखवली. "नाव काय तुझं?" मी शेळीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी बी तसंच. तुमाला वाटलं मी मुकी हाय. तुमी मुन्नादादाला म्हणल्या, "बिचारी मुकी पोरगी, पण किती हुशार." आन मी हसले, तवा तुमी म्हणल्या, "अगं लबाडे!"

तुमी मला बोल बोल केलं न्हाई कधी. होडीत बसवलं. उलटी झाली तर श्वास धरून कसं निसटायचं ते आमच्या विहिरीत शिकवलं. याडी, म्हणजे माजी आई, विहिरीच्या काठावर बसून तुमाला शिव्या देत होती. तुमाला वाटलं ती आमच्या बोलीत गाणं म्हणती. मी सांगितलं न्हाई.

आता तांड्यातल्या बाया मला विचारतात, "संगिता, उद्या पाणी कसं ऱ्हाईल?" मला! आधी माज्याकडं बघत बी नव्हत्या. हे तुमच्यामुळं.

एक इचारायचं होतं. वसमतच्या बियाण्याच्या दुकानवाल्यांनी दिवाळीआधीच १५ डिसेंबर धरून ठिवलाय. घरचीच तीन माणसं. त्यास्नी न्हाई म्हणायचं का? मुन्नादादा म्हणतो ताईला विचार. म्हणून विचारलं.

संगिता


७ डिसेंबर

ताई,

तुमी हो बी म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई.

मी खोटं लिहिलं होतं. आमी होड्या नुसत्या धुवत न्हाई. तुमी गेल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी रोज सकाळी मिरची घेऊन डोह उतरते, बेटाच्या उजव्या वाटंनं जाते, खाली निघते. मुन्नादादा काठानं चालतो. तुमची होडी विचारल्याबिगर घेतली. तिला ओरखडा बी पडला न्हाई.

वल्ह्याचं मला भ्याव न्हाई. भ्याव हाकेचं हाय. पुढं जाणाऱ्याला वरडावं लागतं, आन आता होडीच्या नावानं न्हाई, माणसाच्या नावानं. तुमी म्हणल्या ते मला पटलंय. रुद्रला कुणी "रुद्र!" म्हणलं असतं तर तो वळला असता. माणूस आपल्या नावालाच वळतो.

मुन्नादादा मला डोहाच्या काठावर उभं करून शिकवून राहिला.

"मार हाक. म्हशीला मारती तशी."

"म्हैस उलट बोलत न्हाई, दादा."

"पाव्हणे बी बोलत न्हाईत. त्यांच्या तोंडात पाणी असतंय."

मी "मुन्ना" एवढंच म्हणायचं होतं. निघालं ते असं, जसं मांजरीच्या शेपटीवर पाय पडला. तो म्हणला, "एवढ्यावर तर बेडूक बी वळणार न्हाई." मंग मी रागानं वरडले. तवा बगळे उडाले. तो म्हणला, "हां! आता बेडूक वळला."

पण हे याडीनं ऐकलं. भाकरी थापता थापता तिनं पीठ ताटात आपटलं. म्हणली, "डोहावर त्या मुन्नाचं नाव घेतलंस?"

मी म्हणले, "घ्यावंच लागतंय."

"तुझ्या ताईचा हात मोडला तरी कळंना का तुला?"

"याडी, नाव न घेतल्यानं मोडला तो."

तिनं चुलीतलं लाकूड मागं वढलं. मंग तिनं जे सांगितलं ते मला आजवर ठावं नव्हतं. मला एक मामा होता, रामप्रसाद. याडीपेक्षा लहान. डोहाच्या वरच्या खडकावर खेळत होता. याडीनं खालून हाक मारली, "रामप्रसाद, घरी चल." तो हाकेला वळला, शेवाळावर पाय सटकला, डोहात गेला तो गेलाच. याडी तवा माज्याहून लहान होती. तवापासून तिनं ते नाव तोंडातून काढलं न्हाई. मला सांगताना बी हळूच म्हणली, जसं चुलीला सांगून राहिली.

म्हणून आमच्या घरात डोहावर नाव घेत न्हाईत, ताई. मला वाटायचं सगळ्याच गावांत असंल.

आता मी काय करू ते मला कळंना. तुमाला कळत असंल तर सांगा. न्हाई सांगितलं तरी १५ ला आमी जाणार. मुन्नादादा म्हणतो, विकायच्या आधी एकदा तरी होड्या भिजू दे.

संगिता


१५ डिसेंबर

ताई,

आज जाऊन आलो. सगळी माणसं धड हायत. हे आधी लिहिलं, तुमचा जीव टांगणीला नको म्हणून.

मुन्नादादानं सकाळी धरणावर फोन करून पाणी किती सोडलंय ते विचारलं. कमीच होतं, चांगलं. मी होड्यांच्या नाकावरची नावं चिखलानं बुजवली. करडई नेलीच न्हाई.

पाव्हणे आले. उकंडरावकाका, त्यांची बायको द्वारकाबाई आन सून पुनम. द्वारकाबाईंनी मला वरून खाली बघितलं आन मुन्नादादाला म्हणल्या, "ही पोरगी नेणार व्हय आमाला? हिला बोलता येतंय का?"

मुन्नादादा म्हणला, "येतंय. पण जपून वापरती."

तरी विचारलं, "तुमचं नाव?"

"काकू म्हण की."

"न्हाई. नाव सांगा. पाण्यावर काकू म्हणलं तर कोण वळंल ते कळत न्हाई."

एवढं मोठं वाक्य मी पाव्हण्यासमोर कधी बोलले नव्हते. मुन्नादादानं तोंड फिरवलं, हसायला.

याडी बी आली होती. मला म्हणली, शेळ्या चारायला आले. शेळ्या घरीच होत्या, ताई. तिच्या हातात एक काठी तेवढी होती.

मी सगळ्यांना सांगितलं की नदीवर मी तुमच्या नावानं हाक मारीन, हाक आली की माज्या वल्ह्याकडं बघायचं, वल्हं ज्या बाजूला दाखवीन तिकडं जायचं. तवा याडी काठावरूनच म्हणली, "डोहावर नाव घेऊ नका म्हणावं." पाव्हणे बघायला लागले. मला जमिनीत जावंसं वाटलं.

उकंडरावकाकांनी चष्मा काढून पुसला आन म्हणले, "काहून बाई? माझं तर नावच मला राखायला ठिवलंय. माज्या आधीची लेकरं जगत नव्हती. म्हणून जन्मल्या जन्मल्या आजीनं मला उकंड्यावरच्या केरात ठिवलं आन परत उचललं, आन नाव ठिवलं उकंडराव. हे नाव ऐकून मरण बी नाक दाबून जातंय. पोरी, तू खुशाल घे माझं नाव. जोरात घे."

द्वारकाबाई म्हणल्या, "झालं ह्यांचं सुरू. जिथं जातील तिथं उकंडा सांगतात."

सगळे हसले. याडी हसली न्हाई. पण ती काकांकडं बघत राहिली, काहीतरी पारखून घेतल्यासारखी.

वरचा भाग चांगला गेला. पुनमची होडी दोनदा दगडावर अडकली आन पुनम दोनदा हसली. मी पुढं, मुन्नादादा शेवटी. याडी काठानं चालत होती, आमच्या बरोबरीनं, बाभळीबोरीतून.

डोह आला. तुमाला माहीत हाय ना तिथलं पाणी, वरून निजलेलं दिसतं. मी पार झाले, उजव्या वाटंच्या तोंडाशी थांबले, तुमी थांबायच्या तिथंच. मागं वळून बघितलं. पुनम बराबर. काका बराबर. द्वारकाबाई बगळ्यांकडं बघत बसलेल्या, वल्हं मांडीवर, आन धार त्यांना हळूहळू डावीकडं नेऊन राहिलेली. बाभळीकडं.

ताई, मी तोंड उघडलं आन काहीच न्हाई. काठावर याडी दिसत होती. मला वाटलं, आता मी नाव घेतलं आन ही बाई वळली आन पडली, तर याडीसारखंच मी बी जन्मभर भाकरी थापत गप बसेन. आन न्हाई घेतलं तर समोर बाभळ हाय.

मंग मी वरडले. "द्वारकाबाई! द्वारकाबाई, इकडं बघा!"

त्या वळल्या. होडी हेलकावली. पडल्या न्हाईत. "डाव्या बाजूनं मारा! जोरात!"

त्या गोंधळल्या, भलत्याच बाजूनं मारलं. मी मिरची घेऊन आडवी त्यांच्याकडं निघाले. तेवढ्यात मागून उकंडरावकाका वरडले, "द्वारका! ए द्वारका! पोरगी काय म्हणती ते ऐक, डावीकडनं मार!"

त्यांनी मारलं डावीकडनं. दोन-तीनदाच, पण मारलं. नाक उजवीकडं फिरलं आन मी त्यांच्या होडीची दोरी धरली. बाभळीच्या शेंड्याची फांदी माज्या हेल्मेटला घासून गेली, बास. आमी मोकळ्या वाटंला लागलो.

खाली संथ पाण्यात आल्यावर द्वारकाबाईंनी वल्हं मांडीवर आडवं ठिवलं. मंग नवऱ्याकडं वळून म्हणल्या, "लग्न झाल्यापासून 'अगं' न्हाई तर 'ऐकतीस का'. मला वाटलं ह्यांना माझं नावच ठावं न्हाई."

काका म्हणले, "ठावं होतं. काम पडलं नव्हतं."

पुनम एवढी हसली की ती उलटी झाली असती.

आन मला तवा ऐकू आलं. काठावरून, लई जोरात. माजी याडी. डोहाच्या अगदी वरच्या खडकावर उभी होती, काठी वर करून.

"संगिता! ए संगिता! जाकिटाचा पट्टा सुटलाय तुझा, नीट बांध आधी!"

सगळ्या नदीला ऐकू गेलं. ती तिथं उभी राहून परत एकदा म्हणली, "संगिता!" ह्या वेळेला पुढं काहीच न्हाई, नुसतं नाव. मी वळले. मी पडले न्हाई. तिनं ते बघितलं आन मंग खाली बसली, खडकावरच, पदर तोंडाला लावून.

घाटावर पोचल्यावर तिनं माज्या जाकिटाचा पट्टा वढून बघितला. द्वारकाबाईंना पाणी दिलं. काकांना म्हणली, "तुमची आजी शहाणी होती."

ताई, हे सगळं तुमच्यामुळं. तुमी होत्या म्हणून मी पाण्यात आले आन पाण्यात आले म्हणून माज्या याडीचा आवाज मी ऐकला. होड्या विकल्या तरी माजं काही म्हणणं न्हाई. म्हणजे हाय. पण ते असू द्या.

संगिता


१८ डिसेंबर

ताई,

तुमचा आवाज आला! फोनमधून तुमी बोलल्या ते मी शेडमधी एकटीनं ऐकलं, मंग मुन्नादादाला ऐकवलं, मंग याडीला. "संगिता, मला माफ कर" तेवढं फक्त त्यांना ऐकवलं न्हाई. ते पुढं ढकललं. ते मला नको हाय. तुमी मला पाण्यातून बोलायला शिकवलं आन तुमीच माफी मागायची, असं कुठं असतंय का.

तुमी सांगितलं तसं पुण्याच्या माणसाला मुन्नादादानं कळवलं की होड्या विकायच्या न्हाईत. तो म्हणला बरं. मुन्नादादानं फोन ठिवल्यावर शेडच्या पत्र्यावर एवढ्या जोरात हात मारला की शेळ्या पळाल्या. त्याला समजवा.

तुमी विचारलं बाभळ अजून तिथंच हाय का. हाय. रविवारी काढणार. मुन्नादादाचे मेव्हणे करवत आणणार हायत, दोन बैल बी लावणार. तुमी म्हणल्या तसं आधी वरच्या अंगाच्या फांद्या काढू, बुंधा शेवटी, आन कुणी जाकीट न घालता उतरणार न्हाई. याडीनं आसरांना नैवेद्य दाखवायचा म्हणून सांगितलंय, तर ते बी करू. तिचं ती करंल, आपलं आपण करू.

होड्यांची नावं तशीच ठिवावी का, असं तुमी विचारलं. मला वाटतं ठिवावी. होडीला होडीचं नाव आन माणसाला माणसाचं. करडईची चीर बुजवून घेते. तुमचा हात बरा झाल्यावर तुमी संक्रांतीला या न्हाई तर होळीला, घाई करू नका. तवर मी पुढं राहते. हे दोनदा पुसलं, परत लिहिलं. मी पुढं राहते.

लई लई आभार, ताई. हा शब्द मी शाळेत फक्त निबंधात लिहिला होता.

आन हो, आत्ताच मुन्नादादा सांगत आला, वसमतच्या बाजारात एका आडत्याच्या हळदीच्या पोत्यात मांजर व्याली. चार पिल्लं, चारी पिवळीजर्द. चाटून चाटून तिची जीभ बी पिवळी झाली, पण पिल्लं काही पांढरी होईनात!

संगिता